एवढासा उजेड

"बाबा, अंधारात तुम्हाला भीती नाही वाटत?" मैत्रिणींशी लागलेल्या पैजेपायी चिनात्सुने एकदाचं विचारून टाकलं. ओनोमिची शहरातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओच्या काळोख्या खोलीत बाबा डब्यातली रुंद फिल्म कापून जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या रिळावर गुंडाळत होते.

"अगं भित्रे, अंधाराला काय भ्यायचं? भ्यावं उजेडाला. एवढासा पडला तरी अख्खी फिल्म वाया."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन उजळला. मैत्रिणीचा मेसेज, 'विचारलंस का?' उजेड थेट फिल्मवर आणि बाबांच्या उघड्या डोळ्यांवर पडला. आता बोलणी बसणार.

बाबा शांतपणे गुंडाळतच राहिले. "बघ, कसा मिट्ट काळोख आहे."

&nbsp;

जेवताना तिने आईबाबांना सांगून टाकलं, "फिल्म बाबाच गुंडाळतील. गिऱ्हाइकांचे फोटो उद्यापासून मी काढणार."