करकोच्याच्या पायातले दोरे

"आधी हिला इथून हलवा, मग मी आसन उघडतो," झाप्र्यानने चौकशीच्या अधिकाऱ्याला बजावलं. अधिकारी ऐकेना. यानाची देखभाल दोघांकडेही होती, तेव्हा शेजारी उभ्या नेवेनानेही थांबायचं, असं त्याचं म्हणणं.

यान कसलं, सांगाडाच उरला होता. अंतराळतळावर सगळे त्याला करकोचा म्हणत. पहारा द्यायचा, लढायचं, फुटलेल्या यानातून जखमींना उचलून आणायचं, सगळी कामं तो एकटा करी. चाळीस दिवसांपूर्वी त्याच्या शेपटाने पेट घेतला. आत झाप्र्यानचा एकुलता एक मुलगा मोमचिल होता. "बाबा, मूठ ओढतोय, आसन सुटत नाहीये," एवढंच रेडिओवर ऐकू आलं. धुराने गुदमरून पोरगं गेलं. त्या दिवसापासून म्हाताऱ्याला घास गोड लागला नव्हता.

संकटात माणसाला यानाबाहेर फेकणारं ते सुटकेचं आसन तपासायचं काम नेवेनाचं. दोष तिचा ठरला तर दहा वर्षं तुरुंग होता.

तळावरच्या लोकांच्या बल्गेरियात एक मार्चला मनगटावर नशिबाचा लाल-पांढरा दोरा बांधतात. पहिला करकोचा दिसला की काढून मोहरलेल्या झाडाला बांधतात. तळावर कुठलं झाड नि कुठला पक्षी! म्हणून मार्चमध्ये हे यान पहिल्यांदा परतलं की तळावरची बेचाळीस माणसं त्याच्याच पायांना दोरे बांधत. झाप्र्यान आपल्या दोऱ्यात बायकोच्या माळेतला एक निळा मणी ओवायचा. हे मणी पोराच्या जवळपास राहू देत, असं ती मरताना म्हणाली होती.

यंदा वरून हुकूम आला, यानावर चिंधीसुद्धा नको. नेवेनाने एकटीने सगळे दोरे कापले. तळावरच्यांनी तिला नाही नाही ते ऐकवलं. झाप्र्यान तेवढा गप्प राहिला होता.

आज मात्र त्याची जीभ सुटली होती. "लोकांचं नशीब कापत बसलीस आणि माझ्या पोराचं आसन तपासायचं विसरलीस."

"विसरले नाही, दादा. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी तपासलं होतं. नंतर कुणी हात घातला असेल तर मला ठाऊक नाही."

"कोण घालणार हात?"

नेवेनाने अधिकाऱ्याकडे पाठ केली. मग हळूच म्हणाली, "मी एक्केचाळीसच दोरे कापले होते. बेचाळिसावा तिथे नव्हताच."

"माझं पोर गेलंय आणि तू दोऱ्यांचं काय घेऊन बसलीस?"

तो गुडघ्यांवर बसला. आसनाखालची पट्टी त्याने स्वतःच्या हातांनी उघडली. इथवर आग पोचलीच नव्हती. कुलपाच्या दातात काहीतरी घट्ट अडकलं होतं. त्याने चिमट्याने खेचलं, तसा लाल-पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा बाहेर आला.

"काय सापडलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

झाप्र्यानने मूठ मिटली. पण तोवर निळा मणी निसटून, घरंगळत जाऊन नेवेनाच्या बुटापाशी थांबला होता.