पुण्यवान घराणं

घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, असं डॉक्टर वैजयंतीबाईंनी विचारलं आणि मल्हार बेधडक 'नाही' म्हणाला. बिचारा खोटं बोलत नव्हता.

छत्तीस वर्षांचा हा काडीपैलवान चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर काम करतो. तंबाखू नाही, दारू नाही, मटण वर्षातून एकदा जत्रेला. तरी कंपनीच्या तपासणीत त्याचं वाईट कोलेस्टेरॉल शंभराच्या आसपास हवं ते दोनशे ऐंशी निघालं. कुणा ढेरपोट्या साहेबाचं रक्त आपल्या नावावर चढलंय, अशी त्याची खात्री होती. कंपनीनं पाठवलं म्हणून तो सोलापुरातल्या या दवाखान्यात आला होता आणि गुडघे दाखवायला आई, कस्तुराबाई, सोबत आली होती.

वडील कशानं गेले, असं बाईंनी विचारलं तेव्हा कस्तुराबाई ताठ बसली. हा तिच्या अभिमानाचा विषय. मालक एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. मेंढरं वाड्यात कोंडली, खाली बसले, पाणी मागितलं. तांब्या येईपर्यंत संपलंसुद्धा. थोरले दीर मंद्रूपच्या बाजारात बोकडाचा भाव करता करता गेले. सासरे तर तिनं पाहिलेच नव्हते, तेही असेच.

"एकाला बी खाट लागली न्हाय, बाई. कुनाकडनं सेवा करून घेतली न्हाय. लई पुण्यवान मानसं. सारं गाव म्हणतंय."

वैजयंतीबाईंनी पेन खाली ठेवलं. मल्हारला बूट काढायला लावले आणि टाचेमागची जाड शीर चिमटीत धरून पाहिली. मेंढरांमागं चालून ती अशी होते, या घरात सगळ्या पुरुषांना आहे, असं कस्तुराबाईनं समजावून सांगितलं. मल्हार कधी मेंढरांमागं गेला होता का, असं बाईंनी विचारलं. तो शाळेत गेला होता, मग कंपनीत.

मग बाईंनी शांतपणे सांगितलं. हा दोष बापाकडून आलेला, जन्मापासून रक्तात असतो, खाण्यापिण्यानं आलेला नाही. ती चरबी टाचेत साठते तशी हृदयाच्या नळ्यांतही साठते. रोज गोळी घ्यायची, कायमची. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आणि त्याच्या मुलीचं, प्रियंकाचंही, रक्त तपासायचं.

मल्हारनं गोळ्यांची चिठ्ठी टेबलावर तशीच मागं सारली. जन्मभर गोळ्या खाणारा माणूस म्हणजे जन्माचा रोगी, असं त्याचं गणित. "मॅडम, मला कुटं काय दुखतंय?"

"तुमच्या वडिलांना तरी कुठं काही दुखत होतं?"

दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात, या घरात ते पाय न वाजवता आलं होतं. कस्तुराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं विचारलं, ह्या गोळ्या तवा हुत्या का? बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "होत्या."

सव्वीस वर्षं कस्तुराबाईनं मालकांच्या मरणाची गोष्ट पाहुण्यारावळ्यांत कौतुकानं सांगितली होती. त्यातली एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. आता ती लेकाकडे न बघता बोलली.

"त्या दिशी सकाळच्याला छाती जड झालीया म्हनलं हुतं त्येनी. मी म्हनलं, कामाचा कंटाळा आलाय तुमास्नी."

वैजयंतीबाईंनी टेबलावरून हात पुढं करून तिचा हात धरला.

मल्हारनं चिठ्ठी उचलली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

"मॅडम," तो म्हणाला, "प्रियंकाला उद्या आणू, का आजच घेऊन येऊ?"