सुईत दोरा

शिंप्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, सुई हातात ठरेना. मग बायकोच त्याला दोरा ओवून देऊ लागली. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "तांबड्या पेशी फुगल्यात. बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलंय. इंजेक्शनं घ्या, दूध-अंडी खा."

"ऐकलंत? आता नाक मुरडायचं नाही," बायकोने दटावलं.

इंजेक्शनं संपली, मुंग्या गेल्या, तरी दुकानातून हाक यायचीच, "अगं, एवढं ओवून देतेस?"

एकदा ती हाकेआधीच चहा घेऊन दाराशी आली. आत त्याने एका फटक्यात सुई ओवली, क्षणभर ओवलेल्या सुईकडे पाहिलं, दोरा हळूच ओढून काढला आणि हाक मारली.

पाय न वाजवता ती स्वयंपाकघरापर्यंत मागे गेली आणि तिथून ओरडली, "आले हो! माझ्याशिवाय पान हलत नाही तुमचं!"