लापशीतला खडा

कट्. आवाज भाणजीभाईंना कानाच्या आतून ऐकू आला. लापशीचा दुसराच घास होता.

ते चावायचे थांबले. शेजारी लाभुभाई, नव्या सुनेचे मामा, पानात तूप ओतून घेत होते. भाचीला माहेरी न्यायला आले होते, आणि सासरी तिच्या हातचा हा पहिलाच स्वयंपाक. भाणजीभाईंनी पाण्याचा घोट घेतला. पाच वर्षं तोंडाला लाळ नव्हती, घासागणिक पाणी लागायचं. पाण्याबरोबर जिभेवर काहीतरी टोकदार आलं. ते त्यांनी तळहातावर काढून मूठ मिटली. डावीकडचा जबडा खाली लोंबू लागला होता.

"खडा लागला का, व्याही?" लाभुभाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघराकडे वळले. "धर्मिष्ठा, दलिया निवडायला शिकवलं नव्हतं का तुला? नाक कापलंस आमचं."

हसतच म्हणाले. पंगतही हसली. दारात घुंघट घेऊन उभ्या असलेल्या धर्मिष्ठाच्या हातातली पळी तेवढी थांबली.

तिच्यामागून तिच्या सासूबाई, कंकुबा, नवऱ्याकडे बघत होत्या. खडाच म्हणा, असं ती नजर सांगत होती.

सोयरीक जुळवताना राजकोटच्या इस्पितळाचं नाव कुणी काढलं नव्हतं. भाणजीभाईंच्या गळ्यावरचा शेकाचा काळा पट्टा उपरण्याखाली राहिला होता. दिवाळीत दाढ ठणकली, तालुक्याला जाऊन उपटून घेतली, ती जागा भरलीच नाही. राजकोटचे डॉक्टर चिडले होते. "विजेचा शेक दिलेलं हाड आहे काका, त्यात रक्त फिरत नाही. दाढेला हात लावण्याआधी विचारायचं तरी." जबडा कापायला लागेल म्हणाले. मुलाचं, जयसुखचं, लग्न उरकू दे, मग बघू, असं घरात ठरलं.

भाणजीभाईंनी मूठ उघडली.

"खडा नाही." शब्द नीट फुटत नव्हते. "काल दुपारभर पोरगी खिडकीत बसून दलिया निवडत होती. मी बघितलंय. हे माझंच हाड आहे. तोंडाचा कॅन्सर झाला होता मला."

लाभुभाईंचा हात पानातच राहिला.

"आम्हाला कुणी बोललं नाही."

"नाही बोललो."

कंकुबा दाराच्या चौकटीला टेकल्या. लाभुभाईंनी पानावरच हात धुतला आणि उठले. "पोरगी तर आज न्यायचीच आहे. परत पाठवायची की नाही ते तिचा बाप ठरवील."

कुणी त्यांना अडवलं नाही.

धर्मिष्ठानं पळी खाली ठेवली. ती सासऱ्यांसमोर येऊन बसली, आजवर त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती ती, आणि तिनं ओंजळ पुढे केली. भाणजीभाईंनी तो तुकडा तिच्या हातात दिला. पिवळट होता, भोकाभोकांचा, हरभऱ्याएवढा. वजन असं नव्हतंच. रक्तही फारसं नव्हतं.

तिनं लोट्यातल्या पाण्यानं तो धुतला. मग तळहातावर घेऊन पंगतीच्या मधोमध उभी राहिली.

"बा, हे कुठे ठेवू?" तिनं सासूला विचारलं.

कंकुबांचे सासरे गेले तेव्हा अस्थी कुठे न्यायच्या हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं. हा माणूस तर पाटावर बसून उपरण्यानं तोंड पुसत होता.