पिंजऱ्यांचं काय झालं?

फोन वाजला तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाईंची लेक आत बाळाला अंघोळ घालत होती.

"आई, वाजू दे! आलेच मी!"

बाईंना ते नीट ऐकू आलं. घरातलं बोलणं आता कळायला लागलं होतं. काही वर्षांपूर्वी त्यांचे कान पार गेले होते. ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवलं, तेव्हा पहिल्या दिवशी माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे वाटले. महिनोन्‌महिने सराव केल्यावर त्या खड्यांचे शब्द झाले. पण फोनचं काही जमत नव्हतं. फोनवर ओठ दिसत नाहीत. लेक शेजारच्या खोलीतून फोन करून सराव घ्यायची, पण ती काय विचारणार हे बाईंना आधीच ठाऊक असायचं. गिऱ्हाइकांशी लेकच बोलायची.

आज बाई मशीनवरून उठल्या आणि त्यांनी फोन उचलला. कानाच्या भोकाशी नाही, शिकवलं होतं तसा थोडा वर, कानामागे अडकवलेल्या यंत्राशी धरला.

"अहो, पिंजऱ्यांचं काय झालं?" एक पुरुष विचारत होता.

पिंजरे? परकर म्हणाला असेल. नाहीतर पडदे. "परत सांगता का?"

"पिंजरे हो, पिंजरे! चार सांगितले होते ना!"

तेवढ्यात लेक टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन धावत आली. तिने ओला हात पुढे केला. बाई फोन देणारच होत्या. पण मग त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

"कसले पिंजरे?"

"सशांचे. जाळीचे. तुम्ही वेल्डिंगवाले ना?"

"नाही. मी कपडे शिवते."

"अरेच्चा! चुकीचा नंबर लागला वाटतं. माफ करा हं."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. पिंजरेच म्हणाला होता तो. अंदाजाने कधी सुचलाच नसता असा शब्द, आणि तो त्यांनी ऐकला होता.

"ठेवू नका!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "जरा बोला माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. सशांची नावं सांगा."

माणूस भला असावा, नाहीतर रिकामा. "बरं. एक फौजदार."

"फौजदार!" बाईंनी वळून लेकीला सांगितलं.

"दुसरा बटाट्या."

"बटाट्या!"

"तिसरी मखमल."

"मखमल!"

लेक भिंतीला टेकली. बाळाच्या टॉवेलालाच तिने डोळे पुसले.

"आणि चौथी?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. नुसती कुजबुज. "बायको इथेच उभी आहे. चौथीला मी सासूबाई म्हणतो."

बाईंना असं हसू फुटलं की बाळ दचकून त्यांच्याकडे बघायला लागलं.

"काय म्हणाला? आई, सांग ना, काय म्हणाला तो?"

बाईंनी फोनवर तळहात ठेवला.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "मी फोनवर आहे."