चाळीस मिनिटं मागे

लेकीने हॉलमधलं टोल्यांचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे घेतलं. मग स्वयंपाकघरातलं, मग आईच्या उशाजवळचं मनगटी घड्याळ. आई गॅलरीत नुकत्याच उगवलेल्या सूर्याकडे तोंड करून बसली होती, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. जप चालला असेल. रोज सकाळी चालायचा.

डोळ्याचं ऑपरेशन अकराला होतं. पावणेअकराला निघायचं. आणि कॅलेंडरवर ठळक छापलं होतं : शुक्रवार, राहुकाळ साडेदहा ते बारा.

राहुकाळात आई साधी सुईसुद्धा विकत आणायची नाही. गेल्या महिन्यात मंगळवारी, दुपारी तीनला, याच ऑपरेशनला जायला टॅक्सी दारात असताना ती उंबऱ्यावरून मागे फिरली होती. "राहुकाळ लागला गं," म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली. आता डॉक्टरांनी बजावलं होतं, ही तारीख चुकली तर नजर परत येणार नाही.

लेक प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. तिथे एका मिनिटाची चूक तिला खपत नसे. आज मात्र तिने घरातल्या सगळ्या घड्याळांना खोटं बोलायला लावलं होतं.

पलीकडच्या शाळेची घंटा झाली.

"मधली सुट्टी एवढ्यात?" आईने विचारलं.

"आज लवकर सोडलं असेल."

"असेल बाई."

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा दोघी निघाल्या. आईने उंबरा ओलांडला. लेकीने रोखलेला श्वास सोडला.

टॅक्सीत रेडिओवर वेळ सांगायला सुरुवात झाली.

"बंद करा हो तो! आईचं डोकं दुखतंय."

"माझं? कुठे दुखतंय?"

"दुखेल ना गं. गप्प बस जरा."

आई गालात हसली आणि खिडकीकडे वळली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर नर्सने घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. आईने ते लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"चाळीस मिनिटं पुढे कर. बाकीची घरी गेल्यावर कर."

लेकीचा चेहरा पडला. "तुला कधी कळलं?"

"अगं बये, शाळेची घंटा कशी मागे घेणार होतीस? आणि एवढं विज्ञान शिकलीस, पण राहुकाळ दिवस उगवल्यापासून मोजतात, एवढंही ठाऊक नाही? कॅलेंडरवाले आपले उजाडायची वेळ सहा धरून मोकळे होतात. मी रोज पेरांवर काय मोजते, तुला वाटलं? थंडीत दिवस उशिरा उगवतो. आजचा सव्वाअकराला लागतोय."

"मग सांगायचं नाही का!"

"तू एवढी खटपट केलीस, म्हटलं करू दे."

लेक हसली. मग हसता हसता थांबली. "आई, म्हणजे त्या मंगळवारी, तीन वाजता..."

नर्सने दार उघडून धरलं होतं. आईने लेकीची बोटं घट्ट धरली.

"नव्हता लागला गं. मी घाबरले होते."