जोडीतली दुसरी

बाईंनी फुलदाणी एका लहान मापाच्या स्वेटरात गुंडाळून आणली होती. टेबलावर ठेवली तरी त्यांचे हात तिच्यावरून निघेनात.

"विकायची नाहीये," त्या म्हणाल्या. "खरी आहे, एवढंच सांगा. चीनमधली, दोनशे वर्षांपूर्वीची. आमचे हे तसंच सांगायचे."

विकायची नाही म्हणणारी माणसं म्हाताऱ्या पारख्याने ढिगाने पाहिली होती. पुढच्याच वाक्याला ती भाव विचारतात. या बाईंनी विचारला नाही, तेव्हा तो जरा चरकला.

फुलदाणीवरचे निळे बगळे झकास होते. पण बगळ्यांवर भाळायला तो काही नवशिका नव्हता. त्याने फुलदाणी आडवी केली आणि तळाच्या कडेवर भिंग धरलं. दोनशे वर्षं इकडून तिकडे सरकवलेल्या भांड्याची कड वेडीवाकडी झिजते. ही मात्र सगळीकडून सारखी झिजली होती. ओरखडेसुद्धा एकाच दिशेचे. कुणीतरी निवांत बसून पॉलिशपेपरने घासली होती.

'नकली' हा शब्द तो गिऱ्हाइकासमोर कधी काढत नसे.

"घरात ठेवा. शोभून दिसेल," तो म्हणाला.

समजणारे एवढ्यावर समजून जात. बाई समजल्या नाहीत.

"म्हणजे खरी ना?"

"नाही हो, बाई. फार तर पन्नासेक वर्षांची. जुनी दिसावी म्हणून घासलीय."

बाईंनी एका बगळ्यावरून बोट फिरवलं.

"आणि जोडीतली दुसरी?"

"जोडी होती?"

"मुलाच्या हातून फुटली. चौदा वर्षांचा होता. ह्यांनी तिथल्या तिथे त्याला घराबाहेर काढलं. तो दार वाजवत होता. कडी मीच लावली होती. परत आला नाही. एवढी मोलाची वस्तू फोडली त्याने, असं मनाला बजावत आले आजवर."

पारख्याने भिंग खाली ठेवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला खोटं बोलावंसं वाटलं.

"दुसरी खरी असेलही," तो म्हणाला.

"दोन्ही एकाच खोक्यातून आल्या होत्या."

बाई उठल्या. फुलदाणी मानेला धरून त्यांनी पिशवीत कोंबली. आत ती कशावर तरी खणकन आपटली, पण त्यांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. मग टेबलावरचा स्वेटर उचलला, हलकेच झटकला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी सांभाळत त्या जिना उतरू लागल्या.